‘देवाची करणी’ : अमेरिकेतील तीन जलप्रलय आणि त्यांचे साक्षीदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत कामगार दिन १ मे रोजी पाळला जात नाही. ज्या शिकागो शहरातील लढ्याच्या स्मृतीतून जगाने १ मे हा दिवस उचलला, त्याच देशाच्या शासनाने आपल्या कामगारांसाठी सप्टेंबरचा पहिला सोमवार नेमून दिला. १९३५ साली हा सोमवार २ तारखेला आला. त्या रात्री फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाशी, समुद्रात ओवल्यासारख्या पसरलेल्या लहान लहान बेटांच्या माळेवर एक चक्रीवादळ येऊन आदळले. हवेचा दाब ८९२ मिलिबारपर्यंत उतरला. अमेरिकेच्या भूमीवर वादळ आदळताना नोंदला गेलेला हा आजवरचा नीचांक आहे. वाऱ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात होता आणि समुद्र साडेपाच मीटर उंचीने त्या सखल बेटांवरून वाहून गेला. किमान चारशे माणसे मेली. त्यांत अडीचशेहून अधिक जण पहिल्या महायुद्धातून जिवंत परत आलेले अमेरिकेचे माजी सैनिक होते.

वादळानंतर आठवडाभराच्या आत वॉशिंग्टनहून आलेल्या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी आटोपली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे अहवाल पाठविला. दोष कोणाचाच नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. जे घडले त्याला त्यांनी इंग्रजी कायद्यातील एक जुना शब्दप्रयोग लावला. त्याचा सरळ मराठी अर्थ ‘देवाची करणी’ असा होतो. विम्याच्या करारपत्रांत आणि सरकारी अहवालांत हा शब्द फार सोयीचा असतो, कारण देवाला साक्षीसाठी बोलावता येत नाही.

वारा आणि पाऊस निसर्गाचे असतात, यात वाद नाही. परंतु वारा सुटेल त्या रात्री कोणते माणूस कोठे झोपलेले असेल, हे निसर्ग ठरवीत नाही. ते आधीच ठरलेले असते. कोणी ठरविले, याचा तपास अमेरिकेत सरकारी चौकशांपेक्षा कादंबरीकारांनी अधिक प्रामाणिकपणे केला, असे दिसते. १९२७, १९२८ आणि १९३५ या आठ-नऊ वर्षांतील तीन आपत्ती त्या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत.

प्रथम १९३५चेच पाहू. हे माजी सैनिक त्या बेटांवर कशासाठी गेले होते? १९२४च्या कायद्याने त्यांना युद्धसेवेचा मोबदला मंजूर झाला होता, पण तो मिळायचा होता १९४५ साली! दरम्यान १९२९ची मंदी आली, नोकऱ्या गेल्या, घरे गेली. १९३२च्या उन्हाळ्यात हजारो सैनिक बायकामुलांसह राजधानीत जमले आणि आमचा पैसा आम्हाला आत्ता द्या, अशी मागणी करीत झोपड्या घालून राहिले. २८ जुलै १९३२ रोजी जनरल मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखालील फौजेने रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना हुसकावले. त्यांच्या वस्त्या जाळण्यात आल्या. राष्ट्राध्यक्ष होते हर्बर्ट हूव्हर. हे नाव पुढेही दोनदा येणार आहे.

रूझवेल्ट यांचे सरकार शहाणे होते. त्याने रणगाडे पाठविले नाहीत, काम दिले. राजधानीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या या सैनिकांना दक्षिणेतील मदतकार्याच्या छावण्यांत धाडण्यात आले. फ्लॉरिडाच्या बेटांवरील तीन छावण्यांत सुमारे सातशे जण होते. बेटे जोडणाऱ्या मोटाररस्त्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्यांचा निवारा म्हणजे तंबू आणि फळ्यांच्या तकलादू कोठ्या. उपाशी माणसाला काम मिळाले ही चांगली गोष्ट होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तंबू ठोकले गेले ते समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि वादळांच्या मोसमात त्यांचे काय करायचे याची ठाम योजना कोणाकडेच नव्हती.

त्या वेळी उपग्रह नव्हते, रडार नव्हते. जहाजांनी कळविलेल्या नोंदींवरून वेधशाळा वादळाचा माग काढीत असे. हे वादळ बेटांच्या दक्षिणेकडून निघून जाईल, असाच तिचा अंदाज होता. तेव्हा वेधशाळेला फार दोष देणे अन्यायाचे ठरेल. गाडीची कथा मात्र वेगळी आहे. सैनिकांना बाहेर काढण्यासाठी मायामीहून खास आगगाडी मागवायची, असे ठरले होते. ती मागविण्यात सोमवारची दुपार उजाडली. गाडी सुटली ती चार वाजून गेल्यावर. वाटेत अडथळे आले, आणि रात्री आठच्या सुमारास ती इस्लामोराडा या स्थानकाशी पोहोचते न पोहोचते तोच समुद्र आला. डबे रुळांवरून वाहून गेले. जड इंजिन तेवढे उभे राहिले.

अर्नेस्ट हेमिंग्वे तेव्हा त्याच माळेच्या शेवटच्या, की वेस्ट नावाच्या बेटावर राहत होता. पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’मुळे मराठी वाचकाला हा लेखक परिचित आहे. समुद्राशी झुंजणारा एकाकी माणूस ही त्याची ओळख. परंतु वादळ ओसरताच मदतीच्या नावेतून तो त्या बेटांवर गेला आणि खारफुटीच्या झाडांत अडकलेली प्रेते त्याने स्वतः पाहिली, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्यावर त्याने जो लेख लिहिला तो ‘न्यू मासेस’ या कम्युनिस्ट विचारांच्या साप्ताहिकाने १७ सप्टेंबर १९३५च्या अंकात छापला. ‘सैनिकांचा खून कोणी केला?’ हा त्या लेखाचा मथळा. एरवी डाव्या मंडळींपासून चार हात दूर राहणाऱ्या लेखकाने त्यांच्या पत्रात लिहावे, यावरूनच त्याच्या संतापाची कल्पना येते. त्याचा मुद्दा साधा होता. श्रीमंत नौकाविहारी लोक आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष वादळांच्या महिन्यांत या बेटांकडे फिरकत नाहीत, कारण मालमत्तेला धोका असतो. मग या माणसांना तेथे कोणी आणि कशासाठी ठेवले?

पुढे माजी सैनिकांच्याच खात्यातील एका तपास अधिकाऱ्याने अधिक खोलवर चौकशी करून काही अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणावर बोट ठेवले. तो अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही. १९३६च्या जानेवारीत काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून सैनिकांचा तो मोबदला एकदाचा मंजूर केला. बेटांवरच्या अडीचशेंना चार महिने उशीर झाला होता.

आता आठ वर्षे मागे जाऊ. १९२७च्या वसंतात मिसिसिपी नदीला न भूतो असा पूर आला. महिनोन् महिने पाऊस पडत होता आणि नदीला पसरायला जागा उरली नव्हती. तिच्या दोन्ही काठांनी मातीचे उंच बांध घालून मागील पिढ्यांनी तिचे पूरमैदान कापसाच्या मळ्यांखाली आणले होते. २१ एप्रिल रोजी मिसिसिपी राज्यात माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला. एकूण पुराने सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर प्रदेश पाण्याखाली गेला आणि सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. न्यू ऑर्लीन्स शहर वाचविण्यासाठी, शहरातील पेढीवाल्यांच्या आग्रहाने, २९ एप्रिल रोजी खालच्या अंगाचा बांध सुरुंग लावून मुद्दाम उडविण्यात आला आणि दोन गरीब परगणे बुडविण्यात आले. भरपाईच्या आश्वासनांपैकी फारच थोडे हातात पडले.

परंतु या पुराचे खरे रूप ग्रीनव्हिल गावच्या बांधावर दिसते. सभोवार पाणी, मध्ये बांधाची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर सुमारे तेरा हजार कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष. त्यांना नेण्यासाठी आगबोटी आल्या होत्या. त्या बोटींतून गोरी कुटुंबे गेली. कृष्णवर्णीयांना नेऊ नये, असा मळेवाल्यांचा आग्रह पडला, कारण अर्धेलीने कापूस पिकविणारी ही कुळे एकदा गेली तर परत येणार नाहीत, ही त्यांना धास्ती होती. ती खोटीही नव्हती. शिकागो-डेट्रॉइटकडे जाणारी वाट तेव्हा रहदारीची झाली होती. बोटी अर्ध्या रिकाम्या गेल्या. बांधावर बंदुकधारी पहारे बसले. शिधा हवा तर कपड्यावर चिठ्ठी अडकविली पाहिजे, आणि चिठ्ठी हवी तर मदतीच्या मालाच्या पोत्यांची हमाली केली पाहिजे. जुलैत, रात्रभर राबून घरी आलेल्या एका मजुराने पुन्हा कामावर जाण्यास नकार दिला, तेव्हा पोलिसाने त्याला गोळी घालून ठार केले.

या सर्व मदतकार्याचे प्रमुख होते व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर. छावण्यांतील गैरप्रकारांविषयी ओरड झाल्यावर त्यांनी टस्कीगी संस्थेचे रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णवर्णीय पुढाऱ्यांची समिती नेमली. समितीच्या कठोर निष्कर्षांना जाहीर वाट मिळाली नाही, आणि पूरग्रस्तांचा तारणहार अशी कीर्ती घेऊन हूव्हर पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

बेसी स्मिथचे ‘बॅकवॉटर ब्लूज’ हे गाणे याच पुरावर रचलेले आहे, असा समज अनेक वर्षे आहे. वस्तुतः ते बांध फुटण्याच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीत ध्वनिमुद्रित झाले होते. त्या लोकांना पूर ही नवी गोष्ट नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पुराची कथा लिहिली ती मिसिसिपीतच जन्मलेल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोला गेलेल्या रिचर्ड राइटने. १९३८च्या त्याच्या पहिल्या कथासंग्रहात ती आहे. मॅन नावाच्या शेतकऱ्याची बायको पुरात अडकली आहे आणि ती अडली आहे. इस्पितळ गाठायला हाताशी आहे ती चोरीची नाव. तिचा गोरा मालक गोळ्या झाडतो, मॅन उलट झाडतो, तो मरतो. बायकोही वाचत नाही. तिच्या प्रेताशी घटकाभर बसण्याची सवड न देता त्याला बांधाच्या आणि बचावाच्या कामाला जुंपले जाते आणि त्याची नाव नेमकी त्या मृत मालकाच्या घरी पाठविली जाते. तो त्या कुटुंबाला वाचवितो. तेच त्याला ओळखून सैनिकांच्या हवाली करतात. विल्यम फॉकनरनेही १९३९ साली हा पूर एका कादंबरीत आणला. तेथील कैदी बुडत्या स्त्रीला वाचवून, दिलेली नावसुद्धा इमानाने परत आणून तुरुंगात हजर होतो, तर त्याला पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल दहा वर्षांची वाढीव शिक्षा मिळते. फॉकनर हसत हसत सांगतो, राइट दात आवळून.

तिसरी आपत्ती १६ सप्टेंबर १९२८ची. ती सर्वांत भीषण, आणि सर्वांत अधिक विसरली गेलेली. आधी ग्वाडेलूप आणि पोर्तो रिको येथे शेकडो बळी घेऊन ते चक्रीवादळ पाम बीच या धनिकांच्या सागरकिनाऱ्यावर चढले. तेथे प्रासादांची छपरे उडाली, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली. माणसे मेली ती मात्र किनाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटर आत, ओकीचोबी सरोवराच्या काठी.

हे सरोवर विस्ताराने प्रचंड पण अगदी उथळ आहे. त्याच्या दक्षिणेस मैलोन् मैल दलदल होती. विसाव्या शतकाच्या आरंभापासून कालवे खणून ती उपसण्यात आली, कारण खाली काळी, सोन्यासारखी माती होती. घेवडा आणि ऊस यांचे मळे उभे राहिले. मळे आले तसे मजूर आले, दक्षिणेतील कृष्णवर्णीय आणि बहामा बेटांतून आलेले. त्यांच्या झोपड्या सर्वांत सखल जागी पडल्या. सरोवर आणि झोपड्या यांच्यामध्ये पाच ते आठ फूट उंचीचा, त्याच भुसभुशीत मातीचा बांध होता. दोनच वर्षांपूर्वी, १९२६च्या वादळात, मूर हेवन गावी असाच बांध फुटून शेकडो बळी गेले होते. तो पुन्हा फुटेल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्या दिवशी सकाळी सावधगिरीच्या सूचना फिरल्या. काही लोक उंचावर गेलेही. सांगितलेल्या वेळी वादळ आले नाही, तेव्हा ते घरी परतले. संध्याकाळनंतर उत्तरेकडून सुटलेल्या वाऱ्याने सरोवराचे पाणी परातीतल्या पाण्यासारखे दक्षिणेला ढकलले. बांध गेला. बेल ग्लेड, पहोकी, साउथ बे ही गावे अंधारात बुडाली. वादळाचा मध्य पुढे सरकताच वारा उलटला आणि तेच पाणी उत्तरेच्या काठावर चढले.

प्रेते उचलण्यासाठी वाचलेल्या कृष्णवर्णीय मजुरांना बंदुकीच्या धाकाने धरून नेण्यात आले. नकार देणाऱ्या एकाला पहारेकऱ्याने ठार केले. लाकडी पेट्या थोड्या होत्या, त्या गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या. वेस्ट पाम बीचमध्ये ६९ प्रेते वुडलॉन या गोऱ्यांच्या दफनभूमीत गेली. कृष्णवर्णीयांची ६७४ प्रेते टॅमरिंड मार्गालगतच्या बेवारशांच्या जागेत एकाच खड्ड्यात लोटण्यात आली. वुडलॉनमध्ये स्मारकशिला बसली. टॅमरिंड मार्गावर काहीच बसले नाही.

झोरा नील हर्स्टन ही या वादळाची लेखिका. फ्लॉरिडातील ईटनव्हिल या सर्वस्वी कृष्णवर्णीयांनी वसविलेल्या आणि चालविलेल्या गावात ती वाढली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बर्नार्ड महाविद्यालयात फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली तिने मानववंशशास्त्र शिकले. (त्याच विद्यापीठात दहा-बारा वर्षे आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकून गेले होते.) लोककथा गोळा करीत ती दक्षिणेत फिरली, मजुरांच्या वस्त्यांत राहिली. १९२९ साली बहामात ती स्वतः एका वादळात सापडली. १९३६च्या अखेरीस हैतीत मुक्काम असताना अवघ्या सात आठवड्यांत तिने ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी लिहिली.

ही कादंबरी मुख्यतः जेनी नावाच्या स्त्रीची आहे. तिचे तीन विवाह, आणि तिसऱ्या नवऱ्याबरोबर सरोवरकाठच्या घेवड्याच्या मळ्यांतले तिचे सुखाचे दिवस. वादळ शेवटच्या भागात येते. आधी सेमिनोल जमातीचे आदिवासी मुकाट्याने उंच जमिनीकडे निघून जातात, मग जनावरे जातात. मजूर राहतात. मजुरी चांगली आहे आणि मालक लोक हललेले नाहीत. आपल्यापेक्षा त्यांना अधिक कळत असणार! ‘देवाकडे लागलेले डोळे’ हे शीर्षक ज्या प्रसंगातून आले तो यानंतरचा आहे, दिवे विझलेल्या झोपडीतला. देवाकडे पाहण्याची पाळी मालकाकडे पाहून झाल्यानंतर आली, हा क्रम लेखिकेने अगदी सहजपणे मांडला आहे. पाणी ओसरल्यावर जेनीच्या नवऱ्याला दोन बंदुकधारी गोरे प्रेते पुरायच्या कामाला धरून नेतात. गोऱ्यांना पेट्या, इतरांना चुनकळी. पण कुजलेल्या प्रेतांचा वर्ण ओळखायचा कसा? केस पाहून ओळखा, असा हुकूम होतो. वर्णव्यवस्थेवर याहून भेदक पान अमेरिकन साहित्यात शोधावे लागेल, आणि त्यात एकही घोषणा नाही.

घोषणा नाही, हेच कारण झाले. ५ ऑक्टोबर १९३७च्या अंकात या कादंबरीचे परीक्षण आले. साप्ताहिक होते ‘न्यू मासेस’, हेमिंग्वेचा सवाल छापणारे तेच. परीक्षक होता रिचर्ड राइट, मिसिसिपीच्या पुराची कथा लिहिणारा तोच. या पुस्तकाला विषय नाही, संदेश नाही, विचार नाही आणि गोऱ्या वाचकांच्या करमणुकीसाठी ते लिहिले आहे, असा त्याने निवाडा दिला. राइट लहान लेखक नव्हता आणि त्याचा हेतू अशुद्ध नव्हता. तरीही बंदुकीच्या धाकाने प्रेते पुरणारी माणसे ज्या पुस्तकात आहेत, त्यात त्याला विषय दिसू नये, हे चळवळीतील प्रत्येक परीक्षकाने विचारात घ्यावे असे आहे. हर्स्टनची माणसे नाचतात, जुगार खेळतात, प्रेम करतात, थट्टामस्करी करतात. ती केवळ पीडित नाहीत. पीडिताने सतत पीडितासारखेच दिसले पाहिजे, ही अपेक्षा मळेवाल्यांनी केली तर नवल नाही. ती मित्रांनीही केली. हर्स्टनही काही कमी फटकळ नव्हती. राइटचा कथासंग्रह आल्यावर त्यात द्वेषाखेरीज काही नाही, असे परीक्षण तिने लिहून परतफेड केली. या भांडणात दोघेही एकमेकांचे पूर-वादळ पाहायचे विसरले.

तीसच्या दशकातील धुळीच्या वादळांची कहाणी स्टाईनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ने जगभर नेली. (धुळीने सुरू होणारी ती कादंबरीही शेवटी पुरातच येऊन थांबते.) हर्स्टनचे पुस्तक मात्र बाजारातून नाहीसे झाले. १९६० साली फ्लॉरिडातील फोर्ट पिअर्स येथे ती निष्कांचन अवस्थेत वारली, आणि तिच्या थडग्यावर नावही नव्हते. १९७३ साली अ‍ॅलिस वॉकर या तरुण लेखिकेने रानगवत तुडवीत ती जागा शोधली आणि स्वखर्चाने दगड बसविला. १९७८ साली कादंबरी पुन्हा छापली गेली. आज ती अमेरिकेतील विद्यापीठांत सर्रास शिकविली जाते.

सरोवराभोवती सरकारने नंतर भक्कम बांध घातला. त्याला नाव दिले हर्बर्ट हूव्हर यांचे. टॅमरिंड मार्गावरची ती जागा मधल्या काळात विकली गेली होती. स्थानिक नागरिकांनी नेट धरला तेव्हा २००० साली शहराने ती परत विकत घेतली, आणि २००२ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिची नोंद झाली. १९२८च्या मृतांचा अधिकृत आकडा पंचाहत्तर वर्षे १,८३६ असाच छापला जात होता. २००३ साली हवामान खात्याने तो बदलून ‘किमान २,५००’ असा केला. नेमका आकडा देणे आता शक्य नाही, कारण घेवड्याच्या मोसमासाठी आलेल्या त्या मजुरांपैकी अनेकांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नव्हती.